लाकडी मुठीची तलवार

१९४५ साली जपानी लष्कराच्या कारखान्यांतून बाहेर पडलेली तलवार पाहून कुणाला सामुराई आठवणार नाही. हवालदाराच्या दर्जाच्या सैनिकाला सरकारातून मिळणारी ही तलवार. मूठ साध्या लाकडाची, पकड बसावी म्हणून तिच्यावर आडव्यातिडव्या खाचा पाडलेल्या. मुठीपुढची चकती काळ्या लोखंडी पत्र्याची, नक्षीचा मागमूस नसलेली. पाते यंत्रावर घासलेले आणि त्या घासण्याचे ओरखडे तसेच राहिलेले. जपानी तलवारीच्या जाणकारांनी कित्येक वर्षे या वस्तूकडे ढुंकून पाहिले नाही. कलेच्या दृष्टीने त्यांचे चुकत नव्हते. पण दुसऱ्या महायुद्धाची अखेरची वर्षे जाणून घ्यायची असतील, तर मासामुनेसारख्या जुन्या विख्यात लोहाराच्या पात्यापेक्षा ही ओबडधोबड तलवार मला अधिक मोलाची वाटते. जपानी राज्यकर्त्यांनी आपल्या सैनिकांना जे सांगितले आणि त्यांच्या हाती प्रत्यक्षात जे दिले, त्या दोहोंमधले अंतर तिच्या लोखंडात जसेच्या तसे उतरले आहे.

हीच तलवार १९३५ साली मंजूर झाली तेव्हा बरी होती. तिला ‘९५ नमुना’ म्हणतात. जपानी पंचांगातल्या २५९५ या वर्षाचे ते शेवटचे दोन आकडे. जुन्या सामुराई तलवारीची मूठ शार्क किंवा पाकट माशाच्या खरखरीत कातड्याने मढवून तिच्यावर रेशमी फीत तिरक्या विणीने गुंडाळत. ९५ नमुन्यात ती वीण धातूत ओतलेली होती. आधी तांब्यात, नंतर ॲल्युमिनियममध्ये. आणि वरून फीत तपकिरी, कातडे पांढरे दिसेल असा रंग दिलेला. पात्यावर अनुक्रमांक ठोकलेला असे आणि म्यानावर तोच आकडा. अधिकारी आपली तलवार स्वतःच्या पैशांनी विकत घेत; हवालदाराची तलवार मात्र सरकारी मालमत्ता होती, बंदुकीसारखी मोजून दिलेली आणि मोजून परत घ्यायची. पुढे ॲल्युमिनियम विमानांना लागू लागले आणि मुठीला लाकूड आले. १९४१ पासून धातू गोळा करण्याच्या फर्मानाखाली मंदिरांच्या घंटा उतरवल्या जात होत्या. टोकियोतल्या शिबुया स्थानकापुढचा हाचिको कुत्र्याचा ब्राँझचा पुतळासुद्धा त्यात वितळला. तलवारीची मूठ त्यातून कशी सुटणार?

मुळात विसाव्या शतकातल्या सैन्याला तलवार हवीच कशाला होती? याचे उत्तर शोधायला १८७६ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात मेइजी सरकारने सैन्य, पोलीस आणि दरबारी पोशाख वगळता सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यावर बंदी घातली. पिढ्यानपिढ्यांचे लोहार एका हुकुमाने बेकार झाले. कुणी विळे घडवू लागले, कुणी स्वयंपाकघरातल्या सुऱ्या. नव्या सैन्याने पोशाख युरोपीय घेतला आणि तलवारही युरोपीय सेबरच्या घाटाची, बोटांवरून वळणारी पितळी कड असलेली. पारंपरिक विद्या मोजक्या घराण्यांनी टिकवली. १९०६ साली गास्सान सादाकाझु आणि मियामोतो कानेनोरी या दोन लोहारांना राजदरबारी कलाकाराचा मान मिळाला, तेव्हा ही कला जगते की जाते अशीच अवस्था होती.

तिला पुन्हा ऊब दिली ती लष्करी राष्ट्रवादाने. मांचुरिया गिळल्यानंतर, १९३३ साली, लष्करमंत्री सादाओ अराकी यांच्या पाठबळाने टोकियोच्या यासुकुनी मंदिराच्या आवारात लोहारशाळा उभी राहिली. तिथल्या लोहारांना ‘यासु’ या अक्षराने सुरू होणारी नावे मिळत: यासुनोरी, यासुहिरो, यासुतोकु. त्यांच्यासाठी शिमाने प्रांतातल्या योकोता इथे जुन्या पद्धतीची मातीची भट्टी पुन्हा पेटवली गेली. लोहयुक्त वाळू आणि लोणारी कोळसा यांचे थर आलटूनपालटून रचून, तीन दिवस-तीन रात्री भाता चालवून त्यातून ‘तामाहागाने’ हे पोलाद काढत. बारा वर्षांत या शाळेत सुमारे ८,१०० तलवारी घडल्या. १९३३ सालीच संसदसदस्य असलेले हिकोसाबुरो कुरिहारा यांनीही टोकियोत लोहार तयार करणारी स्वतंत्र शाळा काढली. १९३४ साली अधिकाऱ्यांसाठी सेबर रद्द होऊन जुन्या ‘ताची’ तलवारीच्या घाटाची नवी लष्करी तलवार आली. तिचे नाव ‘शिन-गुन्तो’. १९३७ मध्ये आरमारानेही आपला नमुना बदलला. या सगळ्या धडपडीमागे एक ठरवून बांधलेली कल्पना होती: प्रत्येक अधिकारी हा सामुराई, आणि तलवार हा त्याचा आत्मा. वास्तविक त्यातल्या कित्येकांचे आजे-पणजे शेतकरी किंवा वाणी होते आणि तलवार धरण्याचा हक्क त्यांना कधी नव्हताच.

१९३७ च्या जुलैमध्ये चीनशी उघड युद्ध पेटले आणि ही कल्पना हिशेबात बसेना. अधिकारी हजारोंनी भरती होत होते. एक पारंपरिक पाते घडवायला लोहाराला आणि त्याच्या हाताखालच्या ठोक्यांना कित्येक दिवस लागतात. घड्या घालून पोलाद ठोकायचे, मऊ गाभ्याला कठीण आवरण द्यायचे, पात्यावर मातीचा लेप कमीजास्त जाडीने चढवायचा आणि लाल झालेले पाते पाण्यात बुडवायचे. धारेकडची लेप पातळ असलेली बाजू झटकन थंड होऊन कठीण होते, पाठीकडची मऊ राहते. दोहोंच्या सीमेवर जी धुकट, लहरती रेघ उमटते तिला ‘हामोन’ म्हणतात. जपानी तलवारीचा रसिक आधी ती रेघ पाहतो. पाण्यात बुडवताना बरीच पाती तडकतात आणि सगळी मेहनत फुकट जाते. तेलात बुडवली तर तडकत नाहीत, मात्र ती रेघ निर्जीव दिसते. गिफू प्रांतातले सेकी हे सुरी-कात्र्यांचे जुने गाव युद्धाच्या काळात तलवारींचे कारखानी केंद्र झाले आणि तिथे गिरणीतल्या पोलादाची, तेलात बुडवलेली पाती निघू लागली. ‘शोवातो’ या नावाने संग्राहक ज्यांना ओळखतात ती हीच. त्यांच्या मुठीतल्या भागावर बहुधा तपासणीचा एक छोटा शिक्का आढळतो.

सगळा कारखानी माल टाकाऊ मात्र नव्हता. मांचुरियातल्या कडाक्याच्या थंडीत पाती ठिसूळ होऊन तुटतात अशा तक्रारी आल्या, तेव्हा दक्षिण मांचुरिया रेल्वे कंपनीने दाइरेनच्या आपल्या कारखान्यात मऊ गाभ्यावर कठीण पोलादाचे आवरण चढवण्याची यांत्रिक रीत बसवली. ‘कोआ इश्शिन’ असा कोरीव लेख असलेली ही पाती आजही संग्राहक हौसेने शोधतात. आरमाराने खारट हवेला दाद न देणाऱ्या स्टेनलेस पोलादाची पाती काढली. शिवाय १९४२ पासून लष्कराने निवडक पारंपरिक लोहारांना स्वतः तामाहागाने आणि कोळसा पुरवून तलवारी घडवून घेतल्या. त्यांच्या पात्याच्या मुठीत लपलेल्या शेपटावर चांदणीचा शिक्का असतो. म्हणजे एकाच वर्षी, एकाच सैन्यात, हातघडणीचे उत्तम पाते आणि यंत्रावरचे सामान्य पाते अगदी सारख्या म्यानात फिरत होते. कुणी आजोबांच्या वेळचे, चारशे वर्षांचे पातेही नव्या सरकारी मुठीत बसवून नेई. बाहेरून फरक कळत नाही. संग्रहाच्या छंदाचे सगळे वेड इथून सुरू होते.

या तलवारींची रणांगणावरची हकीकत लिहून ठेवणारा एक माणूस भेटतो, कांजी नारुसे. तलवारी दुरुस्त करणारा हा कारागीर १९३८ मध्ये सैन्याबरोबर उत्तर चीनमध्ये हिंडला आणि त्याने सुमारे दोन हजार तलवारी दुरुस्त केल्या. पुढे त्याने आपले अनुभव पुस्तकात मांडले. त्याला पाती तुटलेली कमी आणि मुठी निकामी झालेल्या जास्त आढळल्या. फीत सुटलेली, लाकूड चिरलेले, पाते मुठीत धरून ठेवणारी बांबूची खुंटी मोडलेली. सरकारी भाषणांत तलवारीच्या आत्म्याची चर्चा चालू असताना हा माणूस खुंट्या मोजत होता, याबद्दल मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो. युद्धाच्या पुढच्या टप्प्यात अधिकाऱ्यांसाठी जो साधा, टिकाऊ नमुना आला त्यात एकाऐवजी दोन खुंट्या होत्या, फितीवर राळेचा पक्का लेप होता आणि चकती नक्षीविना होती. परदेशी संग्राहक अनेक वर्षे त्याला चुकीने ‘नौसैनिकांची तलवार’ म्हणत राहिले.

या तलवारी जमवण्याच्या छंदात एक गोष्ट बाजूला सारता येत नाही. ही शस्त्रे लढाईत फार उपयोगी पडली नाहीत. मशिनगनपुढे पाते काय करणार? ती जिथे खरोखर चालली तिथे समोरचा माणूस बहुधा बांधलेला होता. १९३७ च्या अखेरीस दोन जपानी लेफ्टनंटांत आधी शंभर माणसे कोण मारतो अशी चुरस लागल्याच्या बातम्या टोकियोच्या एका मोठ्या वृत्तपत्राने कौतुकाने छापल्या. त्या आकड्यांच्या खरेपणावर आजही वाद होतो. दोघांना १९४८ च्या जानेवारीत नानजिंगमध्ये मृत्युदंड झाला. अंदमानात १९४२ साली मेजर बर्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याचा पोर्ट ब्लेअरमध्ये शिरच्छेद झाला. २४ ऑक्टोबर १९४३ रोजी न्यू गिनीच्या ऐतापे किनाऱ्यावर लेनर्ड सिफ्लीट या ऑस्ट्रेलियन सार्जंटची डोळ्यांवर पट्टी बांधून मान उडवली गेली. तलवार वर उचललेल्या क्षणाचे छायाचित्र नंतर एका मेलेल्या जपानी सैनिकाजवळ अमेरिकनांना सापडले. लष्करी तलवारीच्या प्रत्येक संग्राहकाने ते छायाचित्र एकदा नीट पाहावे, असे मला मनापासून वाटते. त्याच्या कपाटातले पाते अशा जागी असेलच असे नाही, पण नसेलच असेही कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

तरीही ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी अधिकारी उपसलेल्या तलवारीनिशी हल्ल्याच्या पुढे असत. १९४४ च्या मार्चमध्ये उखरुळजवळच्या सांगशाकला हे हल्ले सोसणाऱ्या तुकड्यांत छत्रीधारी सैनिकांबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटणही होती. ती लढाई हरूनही कामी आली, कारण कोहिमाकडे निघालेल्या जपानी फौजेचे मोलाचे दिवस तिथे खर्ची पडले.

ऑगस्ट १९४५ नंतर तलवारींचे काय करायचे यावर विजेत्यांत एकमत नव्हते. तलवार हाती घेण्याचा जुना समारंभ सक्तीने करू नये असे अमेरिकन सेनापती मॅकआर्थर यांचे धोरण होते. आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांचे प्रमुख माउंटबॅटन आणि ब्रह्मदेशात चौदाव्या सैन्याचे सेनापती राहिलेले विल्यम स्लिम यांनी ते मानले नाही. आपण हरलो हे जपानी अधिकाऱ्याला आपल्याच सैनिकांदेखत तलवार देताना कळले पाहिजे, नाहीतर पुढे कुणीतरी हरलोच नव्हतो म्हणेल, असा त्यांचा विचार होता. म्हणून आग्नेय आशियात गावोगावी, मैदानांत, विमानतळांवर अधिकारी रांगेने तलवारी टेबलांवर ठेवत गेले. तिथल्या जपानी फौजांचे प्रमुख फील्ड मार्शल तेराउची आजारी होते. त्यांनी ३० नोव्हेंबर १९४५ ला सायगावात माउंटबॅटन यांच्या हाती आपल्या घराण्यातल्या दोन तलवारी दिल्या. त्यांतली एक राजे सहावे जॉर्ज यांच्याकडे गेली. ब्रह्मदेशातला जपानी सेनापती किमुरा याची तलवार स्लिम यांनी आपल्या घरी शेकोटीवरच्या फळीवर ठेवली. उरलेल्या तलवारी सैनिकांत वाटल्या गेल्या, आणि भारतीय पलटणींच्या वाट्यालाही आल्या.

खुद्द जपानात वेगळेच संकट होते. शस्त्रे जमा करण्याच्या हुकुमाखाली पोलीस ठाण्यांत तलवारींचे ढीग लागले. बंदुकीच्या गोदामात राष्ट्रीय ठेव्याच्या मोलाचे पाते आणि सेकीचा कारखानी माल एकत्र पडले. कित्येक तलवारी पेट्रोल ओतून जाळल्या गेल्या, कित्येक समुद्रात बुडवल्या. तोकुगावा घराण्याने १९४५ च्या डिसेंबरात मेजिरो पोलीस ठाण्यात जमा केलेली ‘होन्जो मासामुने’ ही विख्यात तलवार जी गेली ती गेलीच. जुंजी होनमा आणि कान्झान सातो या दोन अभ्यासकांनी आठव्या अमेरिकन सैन्याचे लष्करी पोलीसप्रमुख कर्नल व्हिक्टर कॅडवेल यांना गाठून शस्त्र आणि कलावस्तू यांतला फरक पटवून दिला. कॅडवेल यांनी ते ऐकले, हे जपानी कलेचे भाग्य. टोकियोच्या आकाबाने इथल्या अमेरिकन गोदामातून पाच हजारांहून अधिक तलवारी वेगळ्या काढल्या गेल्या आणि १९४७ च्या अखेरीस राष्ट्रीय संग्रहालयाकडे सोपवल्या गेल्या. पुढच्याच वर्षी कलात्मक तलवारींच्या जतनासाठी होनमा-सातो यांनी संस्था स्थापन केली.

याच काळात जपानच्या पश्चिम भागात भारतीय सैन्य पहाऱ्यावर होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. मेजर जनरल कॉवन यांच्या ब्रिटिश-भारतीय डिव्हिजनचे मुख्यालय ओकायामाला होते. ओकायामा म्हणजे जुना बिझेन प्रांत, ओसाफुनेच्या लोहारांची भूमी. जपानी तलवारीच्या इतिहासात तिच्या तोडीचा दुसरा प्रदेश नाही. या डिव्हिजनमधल्या २६८ व्या ब्रिगेडचे नेतृत्व ब्रिगेडियर थिमय्या करत होते आणि त्यांच्या हाताखाली पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडची पोरे जपानच्या भाताच्या खाचरांतून गस्त घालत होती, आणि जपानी सैन्याचा दारूगोळा व शस्त्रे निकालात काढणे हे त्यांच्या फौजेच्या कामांपैकीच एक होते.

अमेरिकेत सैनिकांच्या सामानातून आलेल्या तलवारी आधी तळघरात पडून राहिल्या. मुलांनी त्या घेऊन झाडे तोडली, कुणी यंत्रावर घासून चकचकीत केल्या. काही माणसांनी मात्र अभ्यास केला. इंडियानातल्या एल्कहार्टचे औषध उद्योगातले डॉ. वॉल्टर कॉम्प्टन यांना अटलांटातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात कुनिमुने या जुन्या लोहाराचे एक पाते सापडले. चौकशीत ते कागोशिमाच्या तेरुकुनी मंदिरातले, युद्धानंतर हरवलेले राष्ट्रीय ठेव्याचे पाते निघाले. कॉम्प्टन यांनी १९६३ साली ते मंदिराला परत दिले, मोबदला न घेता. संग्राहक कसा असावा याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

शेवटच्या वर्षांतल्या साध्या लष्करी तलवारींना प्रतिष्ठा यायला आणखी वेळ लागला. १९८६ मध्ये फुलर आणि ग्रेगरी यांचे जपानी लष्करी तलवारींवरचे इंग्रजी पुस्तक आले आणि नमुने, शिक्के, फितींचे गोंडे यांची शिस्तशीर ओळख झाली. अभ्यासू माणूस तलवार हाती आली की आधी खुंटी ढकलून मूठ उतरवतो. आत लपलेले पात्याचे शेपूट, ‘नाकागो’, हीच तिची खरी ओळख. तिथे लोहाराची सही, तारीख, शिक्का. तिथला गंज कधीही घासायचा नसतो. हातघडणीच्या पात्यात त्याच्या रंगावरून वय कळते, आणि तो एकदा गेला की परत येत नाही. मग मुठीच्या सुट्या भागांवर ठोकलेले जुळणीचे आकडे पाहायचे. ते सगळे सारखे असतील तर तलवार कारखान्यातून निघाली तशीच्या तशी आहे. मुठीच्या टोकाला चांदीचे घराण्याचे चिन्ह बसवलेले असेल तर ते मालकाच्या घराण्याचे. गोंड्याच्या आतल्या रंगावरून हुद्दा कळतो: निळा कनिष्ठ अधिकाऱ्याचा, लाल त्याच्या वरच्याचा. घरी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकाला वस्तू नेण्याची जी चिठ्ठी मिळे ती सोबत असेल, तर तिचे मोल पात्याइतकेच.

आणि बनावट माल. गेल्या काही दशकांत चीनमधून नकली ९५ नमुने ढिगाने आले. त्यांचे ओतीव काम बोथट असते, आकड्यांचे वळण चुकते, म्यानाचा गळा ढिला असतो. दुर्दैव असे की युद्धाच्या शेवटच्या महिन्यांतला अस्सल मालही ओबडधोबडच होता, त्यामुळे नवशिक्या दोन्हीकडून फसतो: नकलीला अस्सल समजून घेतो आणि अस्सल लाकडी मुठीला नकली म्हणून सोडून देतो. अस्सल तलवारीत घाई दिसते, पण कामाची जाण असलेल्या हातांची घाई. खाचा वेड्यावाकड्या असतील, तरी पाते मुठीत घट्ट बसलेले असते.

जपानी कायदा या सगळ्यात एक विचित्र पेच टाकतो. तिथे पारंपरिक रीतीने घडलेली तलवार कलावस्तू म्हणून नोंदवता येते आणि नोंदपत्रासह बाळगता येते. कारखानी पात्याला ही नोंद मिळत नाही. ते निव्वळ शस्त्र ठरते आणि पोलीस ते जमा करून नष्ट करतात. म्हणून ज्या तलवारी जपानने त्या युद्धात सर्वांत जास्त संख्येने वापरल्या, त्या आज खुद्द जपानमध्ये सामान्य माणसाजवळ असू शकत नाहीत. त्या टिकल्या त्या टेक्सास, क्वीन्सलँड आणि यॉर्कशायरमधल्या घरांत. मला हा कायदा अपुरा वाटतो. कलेची पाती वाचवताना त्याने इतिहासाची पाती सोडून दिली.

शरण येताना काही अधिकाऱ्यांनी तलवारीला लाकडाची पट्टी किंवा पांढऱ्या कापडाचा तुकडा बांधून त्यावर आपले नाव, हुद्दा आणि गावाचा पत्ता लिहिला होता. वस्तू परत मिळेल अशी त्यांना आशा होती. बहुतेक पट्ट्या हरवल्या. ज्या उरल्या त्यांवरून आज काही संग्राहक त्या घरांचा शोध घेतात. पाते हातघडणीचे निघाले तर रीतसर परवानगी घेऊन, नोंद करून, ते नातवंडांकडे पोचवता येते. सेकीच्या कारखान्यातले निघाले, तर पाते बाहेरच राहते आणि घरच्यांना फक्त नावाची पट्टी, गोंडा आणि मुठीवरचे चांदीचे चिन्ह पाठवता येते.